चाचीची छऱ्याची बंदूक

लग्नात मला माहेराहून भांड्यांसोबत पाने-पकडींची एक लोखंडी पेटी मिळाली होती. भांडी सगळ्यांनी उचलून, वाजवून पाहिली. पेटी उघडल्यावर मात्र नवऱ्याची एक आत्या म्हणाली, "पोरीले नांदाले धाडलं का कारखान्यात कामाले?" माझे बाबा घुग्घुसला कोळसा खाणीवर फिटर होते. पाळी संपवून घरी यायचे, आंघोळ करायचे, आणि तोवर अंगणात कुणाची तरी सायकल उलटी पडलेली असायची. स्टोव्ह, कंदील, शिवणयंत्र, काहीही यायचं. भाऊ अभ्यासाला बसायचे आणि पाना धरायला मी. आमच्या बौद्ध वस्तीत शिक्षणापुढे दुसरं काही मोठं नव्हतं, त्यामुळे मीही शिकले, शाळेत बाई झाले. पण हाताची खाज काही गेली नाही.

नवरा पंचायत समितीत होता. माणूस सोन्यासारखा, पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो हे त्यांना आजही विचारावं लागतं. एटापल्लीहून आमची दोघांची बदली चामोर्शीला झाली तेव्हा सामानात सगळ्यात जड काय असेल तर ती पेटी. बसच्या टपावर चढवताना हमाल म्हणाला, "मास्तरीनबाई, पुस्तकं लय हायेत तुमच्याकडं." मी हो म्हटलं. खरं सांगून त्याचा आदर कशाला घालवायचा?

चामोर्शीच्या त्या भाड्याच्या घराशेजारी चाची राहायची. ती सगळ्या गल्लीचीच चाची होती, त्यामुळे माझीही झाली. तिचा नवरा जत्रांतून फुगे फोडायचं दुकान लावायचा. मागे फळी, फळीवर रंगीत फुगे, पुढे आडवी बांधलेली दोरी आणि दोरीवर टेकवलेली छऱ्याची बंदूक. आठवडी बाजारांत, छोट्या यात्रांत, आणि वर्षाचं मोठं दुकान म्हणजे महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत. जत्रा महादेवाची आणि दुकान मुसलमानाचं, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चाची बरोबर जायची, फुगे फुगवायची, भाकऱ्या थापायची आणि पडद्यामागे बसायची. बंदुकीला तिनं कधी हात लावला नव्हता.

आम्ही राहायला गेलो त्याच हिवाळ्यात चाचा गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं सगळं. चाची इद्दतीत बसली, म्हणजे नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. महाशिवरात्र आली नि गेली, मार्कंड्याला दुकान लागलं नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही कुणाला. घरातला माणूसच उरला नाही तिथे दुकानाचं काय घेऊन बसायचं?

ते वाटलं पुढच्या दिवाळीनंतर, चाचीचा दीर बल्लारपूरहून आला तेव्हा. त्याचं तिकडे सायकलचं दुकान होतं, अंगापिंडानं भावासारखाच आडवा, बोलायला मऊ. तो दुपारभर बसून गेला आणि संध्याकाळी चाची आमच्या ओट्यावर येऊन टेकली. रडत नव्हती, पण पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळत होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"का म्हनतीन. चला म्हनते माझ्याइथी. एकटी बाई जत्रंत बंदूक घेऊन कशी बसन म्हनते. दोन टाइम खा, माझ्या लेकरायले सांभाळा, आरामात राहा."

"मग वाईट काय आहे त्यात?"

"वाईट नाई बाई. थो मानूस वाईट नाईच. पन माझी चूल जाते ना." तिनं पदराचं टोक सोडलं. "त्याची बायको मले पानी पन देईन हातात. पन मी तिच्या घरात चहा मांडू का, हे मले विचारा लागन. या वयात विचारा लागन."

मला पटकन राग येतो, तेव्हाही आला, पण कुणावर काढावा कळेना. मग चाचीनं खरी अडचण सांगितली. मार्कंड्याच्या जत्रेत जागेचं कागदावर काही नसतं, जुन्या दुकानदारांचा आपसातला कायदा चालतो. ज्याची जागा त्याची, बापानंतर लेकाची. एक वर्ष सुतकापायी रिकामी राहिली तर कुणी बोट लावत नाही. पण दुसऱ्या वर्षीही पहिल्या दिवशी सकाळची उन्हं फळीच्या तळाशी उतरेपर्यंत दुकान सुरू झालं नाही, तर शेजारचा आपली बांगड्यांची पेटी सरकवून घेतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. मार्कंड्याची जागा गेली की बाकीच्या जत्रांत तिला विचारणारं कोण? हे दिरालाही ठाऊक होतं. तो म्हणाला होता, दुकान लागलं तर मी काही बोलणार नाही, नाही लागलं तर शिवरात्रीच्या संध्याकाळी सामानासकट घेऊन जाईन.

"मग लावू की दुकान," मी म्हटलं.

"कायनं लावू? चला, पाहा."

बंदूक माळ्यावर बारदान्यात गुंडाळलेली होती. चाचा गेल्यापासून तिला कुणी हवा दाखवली नव्हती, आणि छप्पर नेमकं त्याच कोपऱ्यात गळायचं. बारदाना सोडला तर आतून लाल भुकटी सांडली. नळी गंजानं फुगली होती, लाकडी दस्त्यावर बुरशी, घोडा जागचा हलेना. छऱ्याची बंदूक मधोमध मोडून भरतात, ती मोडेचना. चाचाच्या उस्तादाकडून आलेली जुनी विलायती वस्तू, कारखान्याचं नाव झिजून झिजून नुसती खरबड उरलेली. दिरानं ती पाहून भंगारात घाल म्हटलं होतं. मी ती दोन्ही हातांत तोलून पाहिली आणि मला जे काही झालं त्याला आनंद सोडून दुसरा शब्द नाही. चाचीपुढे तो दाखवणं बरं दिसलं नसतं म्हणून मी तोंड जरा गंभीर केलं.

"मी नेऊ का घरी?"

"न्या ना बाई. जमन का तुमाले?"

"बघू."

घरी नवरा जेवायला बसला होता. मी बंदूक घेऊन दारातून आत आले, तर त्यांचा घास हातातच राहिला. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षांत नक्षलवाद्यांमुळे बंदूक हा शब्द लोक जरा आवाज खाली करूनच बोलत. "छऱ्याची आहे," मी म्हटलं, "हिला लायसन लागत नाही." ते म्हणाले, "लायसन जाऊ दे, मला सांग ही आता कुठं ठेवणार?" मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ते ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

पुढचे कित्येक रविवार आणि शाळेनंतरच्या संध्याकाळी मी परसात काढल्या. गंज काढायची बाबांची पद्धत होती ती मला पाठ होती. आधी मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमध्ये, भिजत घालायचं आणि विसरून जायचं. विसरून जाणं हेच त्यातलं अवघड काम. मी शाळेत भागाकार शिकवायचे आणि मनात यायचं, आता सैल झालं असेल. घरी येऊन पाना लावायचे तर काही नाही. मग पुन्हा मातीचं तेल. चाची कुंपणापलीकडून विचारायची, "का म्हन्ते?" जसं दवाखान्यातल्या माणसाबद्दल विचारावं. मी म्हणायचे, "अजून डोळे उघडले नाहीत."

एका संध्याकाळी मधला मोठा खिळा हलला. जरासाच, पण हलला. मी ओरडले, चाची हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली, आणि नवऱ्याला वाटलं विंचू चावला. त्यानंतर मात्र काम भराभर पुढे सरकलं. नळी बाहेर आली, दस्ता सुटला, घोड्याचे लहान लहान भाग मी ताटलीत मांडले. नळीला चिंचेच्या कोळानं घासलं, राखेनं घासलं, मग सँडपेपर. गंजाखालून लोखंड वर आलं ते खळ्याखळ्यांचं, देवीचे व्रण असलेल्या तोंडासारखं. मूळचा काळाभोर रंग कुठला यायला. दस्त्याला मात्र जवसाचं तेल रोज चोळलं, आणि त्या लाकडानं जो रंग दाखवला तो बघून चाचीनं त्यावरून तळहात फिरवला. चाचाचा गाल टेकून टेकून एका ठिकाणी लाकूड गुळगुळीत झालं होतं. तिनं हात तिथे ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मी उगाच खिळे पुसत बसले.

मागची नळकांडी उघडायची राहिली होती. तिच्यात स्प्रिंग असते हे मला माहीत होतं, पण किती दाबलेली असते हे माहीत नव्हतं. पडवीत बसून उघडताना शेवटचा आटा सुटला आणि आतून काहीतरी फाडकन वर गेलं. छपराचं एक कवेलू फुटलं, त्याचे तुकडे नवऱ्याच्या वर्तमानपत्रावर पडले आणि पाठोपाठ स्प्रिंग त्यांच्या पायाशी येऊन नाचायला लागली. ते पेपर खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "तुझ्या बाबांनी ती पेटी दिली तेव्हाच मी विचार करायला पाहिजे होता." त्यांच्या टकलावर मातीचा एक ठिपका होता. मला हसू आवरेना, मग त्यांनाही आवरलं नाही.

आतला दट्ट्या हातात घेतला आणि माझा जीव भांड्यात पडला. हे तर मला ओळखीचं होतं! पुढच्या टोकाला चामड्याची वाटी, मागे स्प्रिंग. स्प्रिंगनं दट्ट्या पुढे फेकायचा आणि त्यानं हवा दाबून छर्रा ढकलायचा. म्हणजे हा एक लांबुडका स्टोव्हच की. स्टोव्हच्या पंपातलं असलंच चामड्याचं वायसर मी चौथीत असल्यापासून बदलत होते. या बंदुकीतलं वायसर वाळून, चिरून पापडासारखं झालं होतं. बाजारातल्या चांभारानं म्हशीच्या जाड चामड्यातून नवीन कापून दिलं. ते मऊ करायला त्यानं सांगितलं टोरीचं तेल. चाची म्हणाली टोरीचं तेल. घरमालकीण बाई म्हणाली टोरीचं तेल. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात, आणि तिचं तेल दिव्याला, भाजीला, टाचेच्या भेगांना, बैलाच्या खांद्याला, चपलेला, सगळ्याला चालतं. मीही दुसरा विचार केला नाही. वायसर रात्रभर तेलात बुडवून ठेवलं. ते लोण्यासारखं मऊ झालं.

शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, परसात आम्ही ती पहिल्यांदा चालवली. भिंतीला डालड्याचा रिकामा डबा टेकवला. मी नळी मोडली, छर्रा बसवला, नळी मिटवली. घोडा ओढताना मी डोळे मिटले होते, हे मी नंतर कबूल केलं नाही. फट्! डबा उडून पडला. चाची डब्यापाशी गेली, तो उचलला, छऱ्यानं पडलेल्या भोकात करंगळी घालून पाहिली आणि म्हणाली, "हाय ना जी. जिवंत हाय."

त्या संध्याकाळी तिनं शेवया केल्या. वाटी माझ्या हातात देताना म्हणाली, "जत्रंत पयला बार मीच मारीन, बाई. चाचा असते तर त्यायनं मारला असता. दुकान माझं लागून राह्यलं ना, मंग पयला बार कोनी दुसरा काऊन मारन?" खरं सांगते, मला जरा लागलं. पहिला बार मी मारायचा असं माझ्या मनात पक्कं ठरलेलं होतं, इतकं घासल्यावर तेवढा हक्क वाटतोच माणसाला. पण तिच्याकडे पाहिलं आणि शेवया खाल्ल्या.

शिवरात्रीच्या पहाटे आम्ही बंडीतून मार्कंड्याला निघालो. चाची, मी आणि नवरा. फुगे फुगवणं हे यंत्रकाम नसल्यामुळे ते स्वतःहून तयार झाले होते. थंडी अजून गेली नव्हती, वैनगंगेवरून वारा सुटला होता आणि बंडीचं लोखंड हाताला चावत होतं. निघण्याआधी चाचीनं दिव्याच्या उबेला ठेवलेली तेलाची वाटी आणली, बंदूक मोडली आणि आत चांगलं चमचाभर टोरीचं तेल ओतलं, पुन्हा थोडं. लेकराची टाळू भरतात तसं हळूहळू, बोटानं जिरवत. "लय काम हाय आज हिले," ती म्हणाली. मी पाहत होते. मला ते फार गोड वाटलं.

नदीकडे जाणाऱ्यांची गर्दी सुरू झाली होती. ओल्या कपड्यांनी कुडकुडत लोक देवळाकडे चालले होते, हर हर महादेवचा पुकारा होत होता. चाचीची जागा वाटेच्या कडेला, आंब्याच्या झाडाजवळ. आम्ही फळी उभी केली, पडदा ताणला, दोरी बांधली. नवऱ्यानं फुगवायला सुरुवात केली आणि जरा वेळात त्यांचे गालच फुग्यासारखे दिसायला लागले. शेजारचा बांगड्यांचा दुकानदार राम राम करून गेला, आमच्या दोरीकडे बघत. आणि झाडाखाली दीर उभा होता. शाल पांघरलेली, हातात पत्र्याची मोकळी पेटी, चाचीचं सामान भरायला आणलेली. मला त्या पेटीचा भयंकर राग आला.

फळीच्या वरच्या टोकाला ऊन लागलं. चाचीनं पदर खोचला, बंदूक भरली, दोरीवर टेकवली आणि घोडा ओढला.

काही झालं नाही. म्हणजे झालं, पण कसं सांगू? आतून एक सुस्कारा आला आणि छर्रा नळीच्या तोंडातून गळून दोरीखालच्या मातीत पडला. जमलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. चाचीनं पुन्हा भरली, पुन्हा तेच. या वेळी छर्रा बाहेरही आला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. तिच्यात दोष देणं नव्हतं, नुसतं विचारणं होतं, जसं डॉक्टरला विचारतात.

मी नळी मोडली, अडकलेला छर्रा काडीनं पाडला, मग नळकांडीच्या भोकात काडी घातली आणि काडी बाहेर आली ती पांढऱ्या लोण्यासारख्या गोळ्यानं माखून. टोरीचं तेल थिजलं होतं! थंडीत टोरीचं तेल थिजतं, बाटली उन्हात ठेवल्याशिवाय ओतता येत नाही, हे चामोर्शीतल्या प्रत्येक घरात माहीत आहे. चांभाराला माहीत होतं, घरमालकिणीला होतं, मला होतं आणि चाचीला तर जन्मापासून होतं. स्वयंपाकघरात जे आम्ही रोज करत होतो ते बंदुकीच्या बाबतीत एकालाही सुचलं नाही. भर दुपारी चालवून पाहिली होती, तेव्हा ती पळाली. पहाटेच्या वाऱ्यात दट्ट्या चिखलात रुतलेल्या बैलासारखा अडकून बसला.

"तेल जमलं," मी म्हटलं.

चाचीनं कपाळावर हात मारला. "अव माय! मीच ओतलं ना इतकं."

ऊन फळीवरून खाली उतरत होतं. बांगड्यांवाला आपल्या पेटीच्या कडीला हात लावून उभा होता, घाई नाही असं दाखवत. दीर दोन पावलं पुढे आला. मी पाना शोधायला लागले, पण बंदूक पुन्हा उघडून, पुसून, लावायला वेळ कुठला होता? तेवढ्यात चाचीनं ती माझ्या हातातून घेतली, आपल्या शालीत गुंडाळली आणि पलीकडच्या भज्यांच्या दुकानात शिरून भट्टीपाशी मांडी घालून बसली. बंदूक मांडीवर आडवी, एक हात नळकांडीवर, एक दस्त्यावर. आचेला एक बाजू झाली की दुसरी. भजी तळणारी बाई चकित होऊन बघत होती, मग तिनं स्वतःच एक जळकं लाकूड पुढे सारलं. चाची काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेले तर ती बंदुकीलाच बोलत होती. "उठ ना बापा. आजच्या दिस उठ. मंग झोप पाहिजे तितकं."

मी तिथे नुसती उभी राहिले. एवढ्या गोष्टी मी आयुष्यात दुरुस्त केल्या, पण कुठल्याही गोष्टीसाठी माझा जीव असा टांगणीला लागला नव्हता. ही बाई संध्याकाळी त्या पत्र्याच्या पेटीत आपली भांडी भरणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

चाची उठली. बंदूक शालीतून काढली, पळतच दोरीपाशी आली. मी म्हटलं, "चाची, मी एकदा मारून बघते." "नाई बाई." तिनं नळी मोडली, छर्रा बसवला, दस्ता खांद्याला लावला, आणि चाचाचा गाल जिथे टेकायचा तिथे आपला गाल टेकवला. डोळे दोन्ही मिटले. घोडा ओढला.

धडाम्!

छऱ्याची बंदूक असा आवाज करत नाही. नळीतून धुराचा लोट निघाला, झाडावरचे कावळे उठले, बायकांनी लेकरं पोटाशी धरली, नवऱ्याच्या तोंडातला फुगा सुटून भिरभिरत गेला. झालं काय होतं ते मला मागाहून बाबांनी समजावलं. ओतलेलं सगळं तेल उबेनं पातळ होऊन दट्ट्यापुढे साचलं होतं, आणि डिझेलच्या इंजिनात होतं तसं दाबाखाली पेटलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की चाची मागे ढुंगणावर बसली आहे, बंदूक अजून हातात आहे आणि आजूबाजूला टोरीच्या तेलात काहीतरी तळल्याचा वास सुटला आहे. छर्रा फुग्यांना लागलाच नव्हता, फळीच्या लाकडात खोल रुतला होता. चाचीनं डोळे उघडले. फुगे सगळे शाबूत बघून ती हसायला लागली. चाचा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आवाज करून, पदर तोंडाला न लावता.

बंदोबस्ताचा पोलीस शिट्टी फुंकत धावत आला. फुगे पाहिले, बंदूक पाहिली, नाकानं वास घेतला. "कायचा बार होय हा? भजे तळून राह्यले का बंदुकीत?" गर्दी खो खो हसली. आणि गर्दी खरंच जमली होती. देवळाकडे निघालेले लोक वाट सोडून आमच्या दोरीपाशी आले होते, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत. बांगड्यांवाल्यानं आपल्या पेटीची कडी सोडून दिली. ऊन अजून फळीच्या अर्ध्यावरच होतं. दुकान लागलं होतं.

पोलीस म्हणाला, "मालक कोन हाय इथला?"

दीर लगेच दोरीखालून आत आला. पोलिसाला म्हणाला, "हमारी दुकान है साहेब, छऱ्याची बंदूक है, तेल जास्ती हो गया." पोलीस मान हलवत गेला. मग दीर चाचीकडे वळला. तोंडावर खरी काळजी होती, मी ती नाकारत नाही. त्यानं बंदुकीला हात घातला. "लाओ भाभी, इतनी भीड है. मैं चलाता हूं, आप पीछे बैठो."

मला कळलं की सकाळपासून भीती होती ती जागेची नव्हतीच. जागा राहिली असती आणि तरी चाची पडद्यामागे गेली असती, यात भांडणाला कुठे जागा होती? तो चांगलं करत होता. चाचीचे हात बंदुकीवरून सुटतील असं मला वाटलं. वीस माणसं बघत असताना बाई दिराशी ओढाताण करत नाही.

तिनं ओढाताण केली नाही. फक्त सोडली नाही. थोडा वेळ दोघांचे हात त्या बंदुकीवर राहिले. मग ती मऊपणानंच म्हणाली, "रस्सी के उधर, मियां. चलानी है तो गिराहक बन के चलाव."

दिराचं तोंड लाल झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही तरी बोलेन. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुरामुळे असं मी नंतर नवऱ्याला सांगितलं. दीर खाली वाकला, दोरीखालून पलीकडे गेला, शाल नीट केली आणि इतर माणसांच्या रांगेत उभा राहून हात पुढे केला.

"द्या भरून," तो म्हणाला.

चाचीनं नळी मोडली, छर्रा बसवला आणि बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं पुष्कळ वेळ नेम धरला. नेम चुकला. लोक हसले, तोही थोडासा हसला. चाचीनं त्याच्या हातातून बंदूक परत घेतली आणि गर्दीकडे वळून विचारलं, "हं, आता कोनाचा नंबर हाय?"